शेजारच्या दुकानात जाऊ नका, साळवे सर!

परदेशात माणसं जंगलात नाहीतर बर्फात हरवतात, असा सगळ्यांचा समज असतो. अहो, छे! मी एवढी वर्षं टूर मॅनेजर म्हणून माणसं फिरवली, पण हिमनदीवर माझा एकही माणूस हरवला नाही. तिथे सगळे थंडीने एकमेकांना इतके चिकटून उभे राहतात की फोटोसाठी ओढून वेगळे करावे लागतात. माणसं हरवतात ती दुकानांत. नवरा एका दुकानात, बायको दुसऱ्यात, सासूबाई कॅश काउंटरवर, आणि मी भर रस्त्यात हातात झेंडा धरून ओरडतेय, ‘चला, चला, बस निघाली!’ बस कुठेच निघालेली नसते, हे एव्हाना सगळ्यांना पाठ झालेलं असतं.

मी नीला. मुक्काम भाईंदर. मीरा रोडच्या एका छोट्या टूर कंपनीत मी नोकरीला लागले ती शिक्षणाच्या जोरावर नव्हे, आवाजाच्या. सुरुवात अगदी घरगुती होती. सोसायटीतल्या बायकांची एक दिवसाची सहल, सकाळी उत्तनचा किनारा आणि दुपारी घोडबंदरचा किल्ला. किल्ल्यावर मी रात्रभर पाठ केलेला इतिहास रंगवून सांगत होते. मागे वळून बघते तर ऐकायला एक कुत्रा. बायका खाली रस्त्यावर कणसांचा भाव करत होत्या. त्याच दिवशी मला हा धंदा कळायला हवा होता. माणूस बघायला म्हणून निघतो, पण पाय वळतात ते काहीतरी विकत मिळतं तिकडेच. मला कळायला पुढे कॅनडापर्यंत जावं लागलं.

कॅनडाच्या आमच्या टूरमध्ये रॉकीज डोंगरांतलं एक गाव असायचं. गाव कसलं, एक लांबलचक रस्ता, दोन्ही बाजूंना दुकानं आणि दुकानांच्या डोक्यावर बर्फाचे डोंगर. डोंगर फुकट असल्यामुळे त्यांच्याकडे फारसं कुणी बघायचं नाही. कार्यक्रमात तिथे ‘मोकळा वेळ’ असं लिहिलेलं असायचं. तो वेळ पर्यटकांना मोकळा. मॅनेजरची मात्र तेव्हाच पळापळ सुरू होते.

कारण आपल्या माणसाची खरेदी ही नुसती खरेदी नसते. त्याला ‘वाटायचं’ असतं. विहीणबाईंना द्यायचं, खालच्या मजल्यावरच्या दोशीभाभींना द्यायचं, झाडांना पाणी घालणाऱ्या शेजाऱ्यांना द्यायचं, आणि द्यायचं ते अस्सल कॅनडाचंच पाहिजे. म्हणून प्रत्येक वस्तू उलटी करून तिच्या बुडाखालचा शिक्का वाचायचा. आमच्या एका ग्रुपमध्ये भाईंदरचे एक शेठ होते. हाताने कोरलेल्या दगडी अस्वलांच्या दुकानात त्यांनी शेल्फवरचं एकेक अस्वल उचललं, उताणं केलं, चष्मा वर करून पाहिलं आणि परत ठेवलं. दुकानातल्या बाईंनी बराच वेळ बघितलं आणि मग मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, ‘यांना नर हवंय की मादी?’

चित्रांच्या गॅलरीची तऱ्हाच वेगळी. तिथे तळी, डोंगर आणि सूचिपर्णी झाडांची मोठमोठी चित्रं लावलेली असायची. तिथल्या मूळ रहिवाशांनी काढलेले, ठसठशीत काळ्या रेघांचे कावळे आणि मासेही असायचे. फार सुंदर. पण एकदा आमच्या एका काकांनी भिंतभर चित्राची किंमत वाचली आणि सरळ विचारलं, ‘फायनल बोलो.’ गॅलरीच्या बाईंना हिंदी येत नव्हतं, पण माणसाची मान तिरकी झाली की काय म्हणायचंय हे जगभर कळतं. मी मध्ये पडून म्हटलं, ‘काका, ही कला आहे, भाव नाही करायचा.’ काका म्हणाले, ‘कला आहे म्हणूनच विचारतोय, नाहीतर डायरेक्ट अर्ध्यात मागितलं असतं.’

आणि तिसरं दुकान बाटल्यांचं. त्या गावात एक छोटी भट्टी होती, म्हणजे तिथल्या तिथे व्हिस्की नि जिन बनवून विकायची. पुढच्या भागात लांब काउंटर, त्यावर बोटभर उंचीचे पेले, आणि चव घ्यायला दोन थेंब फुकट. आता फुकट आणि थेंब हे दोन्ही शब्द एका वाक्यात आले की आमचा पुरुषवर्ग ‘जरा कॉफी घेऊन येतो’ म्हणून जो गायब व्हायचा, तो थेट तिथेच सापडायचा. माणशी दोन लिटर दारू भारतात नेता येते ना, हे मला टूरच्या पहिल्या मीटिंगपासून विचारून झालेलं असायचं. अशी ही तिन्ही दुकानं ओळीने शेजारी शेजारी. मी मोठ्या तोऱ्यात सांगायची, ‘कोण कधी कुठे असेल, ते मी डोळे मिटून सांगते.’ आता साळवे सरांची गोष्ट सांगते, म्हणजे हा तोरा किती खरा होता ते तुम्हालाच कळेल.

साळवे सर मीरा रोडच्या शांती नगरचे. मूळचे मराठवाड्यातले, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले. शिक्षक कधीच नव्हते, पण बोलणं असं की सगळे आपोआप सर म्हणायचे. व्यसनमुक्तीचं काम करायचे. काम म्हणजे पावती फाडून मोकळं होणं नव्हे. सेक्टरच्या कोपऱ्यावरच्या दारूच्या दुकानाबाहेर संध्याकाळी उभं राहून ओळखीच्या माणसाला नावाने हाक मारायची, त्याचा हात धरायचा आणि त्याला घरी पोचवून यायचं. त्यांचा धाकटा भाऊ दारूपायी गेला होता. पंचशील नुसतं म्हणायचं नसतं, पाळायचं असतं, असं ते अगदी शांतपणे सांगायचे. आणि त्यांच्या सख्ख्या पुतण्याने काशिमीऱ्याला बार काढला, तेव्हापासून त्याच्याशी त्यांनी बोलणं टाकलं होतं. लग्नाला गेले नाहीत. त्याला मुलगी झाली, बघायला गेले नाहीत.

विमानात एका काकांनी दुसरी बिअर मागितली तेव्हा साळवे सर मागच्या रांगेतून उठून आले आणि त्यांच्या खांद्यावर प्रेमाने हात ठेवून उभे राहिले. बस, उभे राहिले. काकांनी शेवटी टोमॅटोचा रस घेतला. पुढे टूरभर पुरुषमंडळी त्यांना बघून नुसती चळाचळा कापत होती.

सर आणि काकू या टूरवर आले होते त्यांच्या मुलीसाठी. प्रज्ञा त्यांची एकुलती एक. शिकायला कॅनडात गेली आणि पुढे त्या डोंगरातल्या गावात नोकरीला लागली. ‘आर्ट गॅलरीत आहे आमची प्रज्ञा,’ असं सरांनी बसमधल्या प्रत्येकाला किमान दोनदा सांगितलं होतं. आम्ही त्या गावी पोचणार होतो त्या दिवशी तिने सुट्टी काढली होती. आईवडिलांबरोबर अख्खी सकाळ, जेवण, फोटो, सगळं ठरलेलं.

आणि त्याच्या दोन रात्री आधी बर्फ पडलं. मे महिन्यात! पुढचा घाट बंद. टूरमध्ये असं झालं की मॅनेजर दिवस उलटेपालटे करते, म्हणजे उद्याचं आज आणि आजचं उद्या. मी सकाळी नाश्त्याला माइकवर आनंदाने जाहीर केलं, ‘मंडळी, शॉपिंग आजच!’ टाळ्या पडल्या. आणि साळवे काकूंच्या हातातला टोस्ट खाली पडला.

बसमध्ये चढायच्या आधी त्यांनी मला कोपऱ्यात ओढलं. ‘नीलाताई, घोळ झाला हो. प्रज्ञाची सुट्टी उद्याची आहे. आज ती कामावर आहे.’

‘मग बरंच की! सरांना गॅलरीत काम करतानाच बघायला मिळेल.’

‘अहो, ती गॅलरीत नाहीये.’ काकूंनी इकडे तिकडे बघितलं. ‘ती त्या शेजारच्या... दारूच्या भट्टीत आहे. बनवते ती. केमिस्ट्री शिकलीय ना, तर जिन का काय ते. यांना सांगायची हिंमत नाही झाली आमची. पुतण्याचं माहितीय ना तुम्हाला? पोरीशी पण बोलणं टाकलं तर मी काय करू? मला एकच आहे हो.’ आणि त्या तिथेच, वॉफलच्या मशीनपाशी रडायला लागल्या.

मग प्रज्ञाचा फोन. म्हणाली, ‘ताई, आज काउंटरवर मी आणि मालक दोघंच आहोत. बर्फामुळे सगळ्या बस आमच्याच गावात आल्यात. तुमचा मोकळा वेळ संपता संपता मला थोडा ब्रेक मिळेल, तेव्हा मी एप्रन काढून गॅलरीत येते. तिथल्या बाई ओळखीच्या आहेत. तोपर्यंत पप्पांना गॅलरीत थांबवाल? मला त्यांना सांगायचंच आहे, पण घरी, नीट बसून. असं लोकांसमोर नको.’

मी म्हटलं, ‘हे काय काम आहे? मी चाळीस चाळीस माणसं सांभाळते. एका माणसाला एका दुकानात थांबवायचं, बास?’ मला माझंच इतकं कौतुक वाटलं की विचारू नका.

बस थांबली. सर सगळ्यांच्या आधी उतरले. नवीन शर्ट, वर कोट, केसांना तेल. हातात पिशवी, तिच्यात पोरीसाठी शेंगदाण्याची चटणी आणि चकल्या. मी त्यांना नि काकूंना घेऊन तडक गॅलरीत गेले. तिथल्या बाईंना प्रज्ञाने सांगून ठेवलं होतं. त्यांनी हसून खुर्ची दिली आणि म्हणाल्या, प्रज्ञा येईलच थोड्या वेळात. सर बसले नाहीत. ‘कुठे बसते ती? टेबल कुठलं तिचं?’

‘इथे टेबलं नसतात, सर,’ मी म्हटलं. ‘इथे चित्रं बघा ना.’

आणि मग मी जे केलं, ते आठवलं की अजून कानशिलं गरम होतात. मी चित्रकलेवर भाषण सुरू केलं. शाळेत ड्रॉइंगच्या तासाला मी फळ्यावरची केळीसुद्धा दोडक्यासारखी काढायची. पण टूर मॅनेजरला ‘माहीत नाही’ म्हणायची सवय नसते. एका निळ्या तळ्यापुढे उभी राहून मी म्हटलं, ‘सर, इथे कलाकाराने निळा रंग फार विचारपूर्वक... म्हणजे निळाच वापरलाय.’ सर म्हणाले, ‘हो.’ पुढच्या चित्रापाशी म्हटलं, ‘इथे डोंगर मुद्दाम मागे ठेवलाय.’ सर म्हणाले, ‘मग पुढे कुठे ठेवणार?’ कावळ्याच्या चित्राखाली मी कावळ्याचा इतिहास सांगितला. तो मी तिथेच तयार केला होता. गॅलरीच्या बाईंना मराठी कळत नव्हतं, पण माझे हातवारे बघून त्यांना वाटलं, हे गृहस्थ चित्र घेणार. त्यांनी कॉफी आणली, भिंतीवरून चित्र उतरवलं, दिव्याखाली धरलं आणि विचारलं, ‘तुमच्या घरची भिंत कशा रंगाची आहे?’ सर म्हणाले, ‘ओल आलीय.’

वेळ चांगला जात होता. काकू खिडकीशी उभ्या राहून शेजारच्या दारावर नजर ठेवून होत्या. पुरुषमंडळी एकेक करून तिकडे शिरत होती, पण सर गॅलरीत अडकलेत म्हटल्यावर आज सगळ्यांची छाती फुगलेली होती. मी मनात म्हटलं, नीला, तू म्हणजे तूच.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानातच आली नाही. परदेशात आपली भाषा बोलणारं माणूस भेटलं की आपली माणसं वेडी होतात. दुकानातल्या पोरीने नुसतं ‘या ना, बसा’ म्हटलं, की संपलं. तू कुठली? मुंबई? मुंबईत कुठे? मीरा रोड? अय्या! मीरा रोडला कुठे? मग त्या पोरीच्या घराची खिडकी कुठल्या दिशेला उघडते इथपर्यंत जायचं. आणि तेवढ्यावर थांबायचं नाही. पळत जाऊन आपल्या ग्रुपमधलं त्याच भागातलं माणूस पकडून आणायचं आणि दोघांना समोरासमोर उभं करायचं. त्यात बिचाऱ्यांचा काही स्वार्थ नसतो. नुसता आनंद.

आमच्या ग्रुपमध्ये उत्तनच्या रेजिनामावशी होत्या. मासळीचा धंदा करून मुलांना वर काढलेलं, अंगाने दणकट, मनाने लोणी. मुलांनी हौसेने टूरवर पाठवलेलं. त्या भट्टीत शिरल्या होत्या उघडपणे, कारण घरच्या लग्नात दारू लागते, त्यात लपवायचं काय, असा त्यांचा सवाल होता. काउंटरवरच्या पोरीने त्यांना पेला देताना मराठीत सांगितलं, ‘मावशी, हळू, कडक आहे.’ झालं.

गॅलरीचं दार धाडकन उघडलं. ‘साळवे सर! आवो, हितं काय कावले बगताव? तुमचे शांती नगरची पोर हाय बाजूला! चला, चला, मी तिला सांगलंय, तुजे गावचा मानूस आनतंय म्हून!’

‘मावशी, नंतर,’ मी ओरडले. ‘सरांना चित्रं बघायचीयत!’

‘चित्रां काय पलून जातान? पोरीला येल न्हाय!’ आणि मावशींनी सरांचा हात धरला. ज्या हाताने आयुष्यभर सुरमई कापली, त्या हातातून सुटणं सोपं नव्हतं. सर म्हणाले, ‘कुठल्या दुकानात?’ मावशी म्हणाल्या, ‘चला तं खरं!’ मी दुसरा हात धरला. क्षणभर सरांची दोन्हीकडून ओढाताण झाली. मग मी हरले. माझा आवाज मोठा आहे, पण दंड नाही.

आत शिरलो आणि आमची सगळी पुरुषमंडळी सरांना बघून जागच्या जागी थिजली. कुणी पेला पाठीमागे लपवला, कुणी भिंतीवरची जाहिरात वाचायला लागलं. वाट आपोआप मोकळी झाली आणि समोर काउंटरमागे प्रज्ञा. अंगात एप्रन, हातात बाटली.

रेजिनामावशी आनंदाने म्हणाल्या, ‘हीच ती! इचारा तिला, कंचे बिल्डिंगची!’

काकू दारातच थांबल्या होत्या, पदर तोंडावर धरून.

‘तू इथे?’ सर म्हणाले.

माझ्यातला टूर मॅनेजर तेवढ्यात जागा झाला. ‘सर, आज ती फक्त मदतीला आलीय. गॅलरीतून. बदली कामगार म्हणून...’

‘ताई, राहू दे,’ प्रज्ञा म्हणाली. तिने बाटली खाली ठेवली. ‘पप्पा, मी गॅलरीत कधीच नव्हते. पहिल्यापासून इथेच आहे. ही दारू मी बनवते.’

रेजिनामावशींच्या तोंडावरचं हसू हळूहळू गेलं. त्यांनी सरांचा हात सोडला, माझ्याकडे बघितलं आणि पुटपुटल्या, ‘आगो माजे देवा, मी काय केलं यो.’ मला त्यांची इतकी दया आली. माझीही आली. चित्रकलेचं भाषण अगदीच फुकट गेलं होतं.

तेवढ्यात पलीकडून दुकानाचा मालक, मोठा दाढीवाला माणूस, नम्रपणे काहीतरी म्हणाला. मीच भाषांतर केलं, दुसरं काय करणार? ‘सर, गर्दी आहे म्हणून ते म्हणतायत, काउंटरपाशी फक्त चव घेणाऱ्यांनीच उभं राहायचं. बाकीच्यांनी कृपया बाहेर थांबायचं.’

सरांनी मान हलवली. वळले. प्रज्ञाचा चेहरा पांढरा पडला. मला वाटलं, गेले. पुतण्यासारखंच. लग्नाला नाहीत, बाळाला बघायला नाहीत. मी त्यांच्या मागे जायला निघाले.

सर दारापर्यंत गेले आणि तिथे लागलेल्या रांगेत, सगळ्यात शेवटी, जाऊन उभे राहिले.

आमच्या ग्रुपचे चौघे त्यांच्या पुढे होते. ते असे बाजूला झाले की जणू अंबाबाईच येतेय. सरांनी त्यांना हाताने खूण केली, नाही, तुमचा नंबर आधी. मग त्या बिचाऱ्यांना साळवे सरांच्या देखत दारूची चव घ्यावी लागली. आयुष्यात एवढ्या घाईने कुणी प्यायलं नसेल. एकाला ठसका लागला तर सरांनीच त्याच्या पाठीवर थोपटलं.

सरांची पाळी आली. ‘काय देऊ, पप्पा?’ प्रज्ञाने विचारलं. डोळे भरलेले, पण विचारलं दुकानातल्यासारखंच.

‘पाणी असेल ना?’

तिने त्या बोटभर पेल्यात पाणी ओतलं. सरांनी ते एका घोटात प्यायलं आणि पेला परत पुढे केला. ‘अजून दे.’ मालकाने एकदा बघितलं, प्रज्ञा त्याला हळूच काहीतरी म्हणाली आणि तो दुसरीकडे गिऱ्हाइकं बघायला गेला. आता चव घेणारा माणूस काउंटरपाशी उभा आहे म्हटल्यावर त्याला कोण हटवणार? सर पाणी पीत राहिले. एक पेला, एक प्रश्न.

‘जेवण वेळेवर होतं?’

‘होतं.’

‘दिवसभर उभंच राहायचं? पाय दुखत असतील.’

‘सवय झालीय.’

‘तू पितेस?’

‘चव घ्यावी लागते, पप्पा. पण थुंकून टाकते. सगळेच थुंकतात, कामाचा भाग आहे तो.’

सर विचारात पडले. ‘थुंकतेस ना? ठीक आहे.’ पुन्हा पेला पुढे. ‘मी बोलणं टाकेन असं वाटलं तुला?’

‘हो.’

‘मलाही तसंच वाटलं असतं,’ सर म्हणाले. ‘मगाशी दारापर्यंत गेलो ना, तोपर्यंत तसंच वाटत होतं.’ मग त्यांनी रिकामा पेला काउंटरवर ठेवला. ‘मला हे पटलेलं नाही, प्रज्ञा. मरेपर्यंत पटणार नाही. पण तुझ्याशी न बोलता मला नाही राहता येणार गं. तू रोज फोन कर. आणि गॅलरीबिलरी सांगू नकोस. काय केलंस ते सांग.’

तोपर्यंत काकू येऊन काउंटरला टेकल्या होत्या. त्यांनाही पेला मिळाला. रेजिनामावशी मागे उभ्या राहून हुंदके देत होत्या आणि मधूनमधून शेजारच्या अनोळखी गोऱ्या बाईंना सगळी हकीकत उत्तनच्या बोलीत समजावत होत्या. त्या बाईंनाही काय समजलं देव जाणे, त्याही रडत होत्या.

आता खरी पंचाईत माझी होती. वेळ संपला होता. आमचे ड्रायव्हर जग्गीभाई, पंजाबचे, कामाच्या तासांच्या बाबतीत महाकडक. तिथे कायदाच तसा आहे, ठरलेल्या तासांच्या वर ड्रायव्हरला गाडी चालवता येत नाही. ‘मॅडमजी, कितने हुए? निकलें?’

मी बसमध्ये चढले आणि माणसं मोजली. मुद्दाम चुकले. परत मोजली. परत चुकले. दगडी अस्वलवाले शेठ याच टूरवर होते, ते पुढच्या सीटवरून म्हणाले, ‘ताई, मी मोजू का?’ मी म्हटलं, ‘गप बसा हो!’ मग कुणीतरी म्हणालं, माझी टोपी राहिली दुकानात, आणि उतरलं. दुसऱ्याला बाथरूमला जायचं आठवलं. तिसऱ्याला एक मॅग्नेट कमी पडलं. आयुष्यभर ज्या लोकांना बसमध्ये चढवण्यासाठी मी घसा फोडला, ते त्या दिवशी आपणहून उतरत होते आणि मी एकालाही ओरडले नाही. जग्गीभाईंनी आरशातून सगळं बघितलं, उसासा टाकला आणि ‘टायर देख लेता हूँ’ म्हणून खाली उतरले. टायर त्यांनी चांगले निवांत बघितले.

शेवटी सर आणि काकू आले. पिशवी रिकामी होती. प्रज्ञा एप्रनमध्येच फुटपाथवर येऊन उभी राहिली, हातात चटणीचा डबा. बस सुटली. ती दिसेनाशी होईपर्यंत सर खिडकीला नाक लावून बसले होते. बसमध्ये शांतता. आणि त्या शांततेत प्रत्येक वळणावर सीटांच्या खालून, पिशव्यांमधून, कोटांच्या आतून काचेवर काच आपटल्याचा बारीक आवाज. कुणी कुणाकडे बघेना. मी माइक घेऊन अंताक्षरी सुरू करावी म्हणून उठले, तर सरच उठले. मागे वळले आणि सगळ्या बसकडे बघून उभे राहिले.

‘बाटल्या कुणी कुणी घेतल्यात?’

एकही हात वर नाही. शेठ तर डोळे मिटून घोरायलाच लागले.

‘अहो, माझ्या पोरीने केलीय ती,’ साळवे सर म्हणाले. आवाज थोडा फाटला होता. ‘नीट कपड्यात गुंडाळून ठेवा. फुटायला नको.’

खाली बसले. मग पुन्हा अर्धे उठले.

‘आणि पिऊ नका.’